समालोचकाला सामन्यांनी मोजू नका : स्थानिक रेडिओ केंद्रांना आणि क्रीडा संघटनांना खुले पत्र

प्रति,
स्थानिक रेडिओ केंद्रांचे प्रमुख आणि क्रीडा संघटनांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी समालोचक नाही. समालोचकाच्या शेजारी बसून गुणपत्रिका भरणारा माणूस आहे. सामना सुरू असताना त्याच्यापुढे चिठ्ठ्या सरकवायच्या, बदली खेळाडूचं नाव बोटाने दाखवायचं, मागच्या मोसमातला आकडा वही चाळून काढून द्यायचा, एवढं माझं काम. पण त्या खुर्चीतून जे दिसतं ते तुमच्या कार्यालयातून दिसत नाही आणि घरी रेडिओ ऐकणाऱ्यालाही दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

गेल्या काही वर्षांत एकच निर्णय मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. ‘यंदापासून प्रत्येक सामन्याचं मानधन वेगळं ठरवू.’ ‘थेट वर्णनाऐवजी स्टुडिओतून अधूनमधून गुण सांगू.’ ‘मुख्य केंद्राचा कार्यक्रमच सगळीकडे लावू.’ जमाखर्चात या तिन्हींची नोंद बचत म्हणून होते. मैदानावर मात्र त्याचा परिणाम असा होतो, की इथला खेळ ज्याला तोंडपाठ आहे तो माणूस पुढच्या मोसमात येत नाही. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्थानिक क्रीडा-समालोचकाचं काम वर्षानुवर्षांनी पिकतं आणि तुम्ही ते सामन्यांनी मोजता. ही मोजणी बदला.

५ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून बेसबॉलच्या सामन्याचं पहिलं थेट वर्णन झालं. ते करणारा हॅरॉल्ड अर्लिन पंचविशीतला तरुण होता, दिवसा वेस्टिंगहाउस कंपनीत नोकरी करायचा. फोर्ब्ज फील्डवर प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये बसून, टेलिफोनचा माइक करून त्याने सामना सांगितला. त्याआधी एप्रिलमध्ये याच केंद्रावरून मुष्टियुद्धाच्या लढतीचं वर्णन झालं होतं, ते एका स्थानिक वृत्तपत्राच्या क्रीडा-बातमीदाराने केलं. म्हणजे या व्यवसायाची सुरुवात स्थानिक केंद्र, स्थानिक मैदान आणि दुसरी नोकरी सांभाळून आलेला माणूस अशीच झाली. शंभर वर्षं उलटली. केंद्र आणि मैदान यांचं नातं सुटत चाललं आहे, पण त्या माणसाला दुसरी नोकरी सांभाळावी लागणं मात्र सुटलेलं नाही. मी ज्या समालोचकांच्या शेजारी बसलो त्यांतले बहुतेक जण शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकान चालवणारे होते. रजा टाकून मैदानावर यायचे.

या कामाचा गाभा काय, हे बीबीसीला १९२७ मध्येच नेमकं कळलं होतं. त्या वर्षी १५ जानेवारीला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावरून इंग्लंड आणि वेल्स यांच्यातल्या रग्बी सामन्याचं वर्णन करायला टेडी वेकलम बसले. ते रग्बी खेळलेले होते, माइकची सवय मात्र त्यांना नव्हती. बीबीसीने त्यांच्याजवळ एका अंध माणसाला बसवलं आणि सांगितलं, याला सामना सांगा. पुढच्याच आठवड्यात लंडनच्याच हायबरी मैदानावर आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांचा फुटबॉल सामना झाला. त्यासाठी ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या साप्ताहिकाने मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा छापला. एक जण खेळ सांगत होता आणि दुसरा चेंडू कोणत्या चौकोनात आहे त्याचा आकडा पुकारत होता. पुढे हा नकाशा लागेनासा झाला, कारण समालोचक तो शब्दांनीच काढायला शिकले. आजही चांगला समालोचक प्रत्येक वाक्यात नकळत तीन गोष्टी सांगतो : चेंडू कुठे आहे, कोणाकडे आहे, कोणत्या दिशेने चालला आहे. चौथी गोष्ट गुणफलक. रेड बार्बर हे अमेरिकेतले बेसबॉलचे थोर समालोचक अंडं उकडताना वापरतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवत. वाळू खाली उतरली की गुण सांगायचे आणि घड्याळ उलटं करायचं. कारण कोणीतरी त्याच क्षणी रेडिओ लावलेला असतो, आणि त्याला दुसरं काहीही नको असतं, कोण पुढे आहे एवढंच हवं असतं.

आता हेच काम स्थानिक सामन्यात करायचं म्हणजे काय ते पाहा. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यात समालोचकापुढे दोन-तीन पडदे असतात, आकडेवारी पुरवणारी तुकडी असते, प्रत्येक खेळाडूची माहिती आधीच छापून आलेली असते. स्थानिक सामन्यात संघांची यादी हाताने लिहिलेली येते, तीही नाणेफेक झाल्यावर. एकाच आडनावाचे तिघे असतात. जर्सीवरचा क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी जुळत नाही, पाऊस असेल तर चिखलात तो दिसतही नाही. मग धावतो आहे तो कोण हे सांगायचं कसं? मी ज्याच्या शेजारी सर्वांत जास्त काळ बसलो तो समालोचक खेळाडूला त्याच्या धावण्याच्या ढबीवरून ओळखायचा. हा उजवा खांदा थोडा पाडून वळतो, तो चेंडू मिळण्याआधी एकदा मागे बघतो. हे कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. शालेय स्पर्धेपासून त्या पोराला पाहिलेलं असावं लागतं.

कबड्डीत तर श्वास घ्यायलाही सवड नाही. तीस सेकंदांची चढाई, त्यात बोनस रेषा, टच, साखळी, मधली रेषा आणि सात बचावपटूंपैकी कोणी पाय धरला, कोणी कंबर, हे सगळं घडत असतानाच सांगायचं. खो-खोत आठ जण पाटीवर बसलेले, नववा धावणारा. खो मिळताक्षणी धावणारा बदलतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडून नवं सुरू करावं लागतं. कुस्तीत मात्र उलटं. दोन मल्ल कितीतरी वेळ एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे असतात, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. कोणाचा पाय मागे सरकतो आहे, कोणाचा दम आधी सुटेल, हे जाणणाराच ती शांतता रेडिओवर तोलून धरू शकतो. या खेळांचं समालोचन शिकवणारी शाळा माझ्या पाहण्यात नाही. जुना माणूस बोलतो, नवा शेजारी बसून ऐकतो, एवढीच तिची शाळा.

सामन्याआधीची तयारी तुम्हाला मानधनाच्या पावतीवर दिसत नाही. माझा तो सहकारी तासभर आधी येऊन दोन्ही संघांच्या खेळाडूंना भेटायचा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा : तुझं नाव तू कसं उच्चारतोस? वहीत तसं लिहून घ्यायचा. त्या पोराचं नाव रेडिओवरून पहिल्यांदा जाणार असतं, घरचे कान लावून बसलेले असतात, कदाचित आयुष्यात एकदाच. मग खेळपट्टी किंवा मैदान पायाखालून घालायचं, वारा कुठून कुठे वाहतो ते बघायचं, पंचांशी दोन शब्द बोलून नवीन नियमाचा अर्थ ते कसा लावणार आहेत हे विचारून ठेवायचं. दोन तासांच्या प्रक्षेपणामागे दोन दिवसांची तयारी असते. प्रत्येक सामन्याचा वेगळा हिशेब करता तेव्हा तुम्ही प्रक्षेपणाचे दोन तासच मोजता.

आता जरा नाजूक विषयाकडे वळतो.

राष्ट्रीय वाहिनीवरचा समालोचक ज्याच्या चुकीवर बोट ठेवतो तो खेळाडू त्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटत नाही. स्थानिक समालोचकाला भेटतो. त्याचा बाप भेटतो, प्रशिक्षक भेटतो, संघाचा अध्यक्ष तर हमखास भेटतो. सोळा वर्षांच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि अंतिम सामना हातचा गेला, हे सांगायचं की नाही? सांगावं लागतंच, न सांगणं ही श्रोत्याची फसवणूक आहे. पण कोणत्या सुरात सांगायचं, किती वेळा सांगायचं, त्याआधी त्याच पोराने अडवलेले दोन गोल आठवणीने कधी सांगायचे, हा तोल पुस्तकात मिळत नाही. त्याच गावात राहून, त्याच लोकांच्या नजरेला नजर देत तो यावा लागतो. मी हा तोल येताना पाहिला आहे. त्याला वर्षं लागली.

आणि हाच तोल बिघडवणारी माणसं बहुतेक वेळा तुमच्यातलीच असतात, हे स्पष्ट लिहितो. ‘आपल्या संघाबद्दल जरा चांगलं बोला,’ असा निरोप कक्षात येतो. प्रायोजकाचं नाव आणखी दोनदा घ्या, रिकाम्या खुर्च्यांचा उल्लेख टाळा, पंचांच्या त्या निर्णयावर बोलू नका. रेड बार्बर यांचं उदाहरण इथेही द्यावं लागतं. सप्टेंबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्याला अवघे ४१३ प्रेक्षक आले. तेव्हा ते टीव्हीवर समालोचन करत होते. कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांकडे वळवा, आजची बातमी तीच आहे, असं त्यांनी म्हटलं. कॅमेरा वळला नाही. काही दिवसांतच, करार पुढे चालू राहणार नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. इतक्या मोठ्या माणसाची ही गत होते, तर ज्याला पुढच्या रविवारी बोलावतील की नाही याचीच खात्री नाही त्याने कोणाच्या भरवशावर खरं बोलावं? सामन्यागणिक नेमणूक ही केवळ पैशाची अडचण नाही. तिच्यामुळे समालोचकाच्या तोंडाला कुलूप बसतं.

एकाच जागी टिकलेला आवाज काय करू शकतो याची दोन उदाहरणं मला फार जवळची वाटतात. व्हिन स्कली १९५० मध्ये, बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या समालोचन कक्षात आले. त्यांना तिथे बार्बर यांनीच घडवलं. संघ १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला, स्कलीही गेले आणि २०१६ पर्यंत, सलग ६७ मोसम, त्याच संघाचे सामने सांगत राहिले. नव्या शहरातल्या प्रचंड स्टेडियममध्ये मागच्या रांगांना खेळ नीट दिसत नसे. लोक ट्रान्झिस्टर बरोबर आणू लागले, डोळ्यांसमोर सामना चालू असताना कानाने स्कलींना ऐकू लागले. एकदा त्यांनी माइकवरून सुचवलं, आज पंचांचा वाढदिवस आहे, आपण सगळे मिळून शुभेच्छा देऊ या. स्टेडियमभर लोकांनी एकदम आरोळी दिली.

दुसरे हायमे हारिन. इक्वाडोरहून आलेला हा तरुण १९५९ मध्ये त्याच डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये सांगू लागला आणि २०२२ पर्यंत सांगत राहिला. सुरुवातीला त्याला बेसबॉलची फारशी माहिती नव्हती, ती शिकायला त्याने वेळ मागून घेतला. बाहेरगावच्या सामन्यांना सुरुवातीची काही वर्षं त्याला पाठवलं जात नसे. स्टुडिओत बसून इंग्रजी वर्णन ऐकत तो ते स्पॅनिशमध्ये उभं करायचा. शहरातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनी हा खेळ आपला म्हणून धरला, त्यात या आवाजाचा वाटा मोठा आहे. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भारतात १९३४ च्या सुमारास मुंबईच्या चौरंगी (चार संघांच्या) क्रिकेट सामन्यांचं वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान इंग्रजीत करत होते आणि माइक दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला ते तयार नसत, इतकी त्यांची हुकमत. पण क्रिकेट मराठी घरांत शिरलं ते बाळ ज. पंडितांसारख्यांनी ते मराठीतून सांगितलं तेव्हा. पंडित स्वतः क्रिकेट खेळलेले होते. ज्या घरात इंग्रजी समालोचनातलं धावसंख्येपलीकडे काही कळत नव्हतं, त्या घरातही मग फटका कुठे गेला ते कळू लागलं.

ही मोठी नावं आहेत, आमच्याकडे जिल्हा पातळीवरचा माणूस आहे, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण स्कली बाविसाव्या वर्षी स्कली नव्हते. त्यांना एका जागी राहू दिलं गेलं, हे महत्त्वाचं.

स्टुडिओतून वर्णन करण्याच्या नव्या प्रथेबद्दलही लिहायला हवं, कारण ती वेगाने पसरते आहे. माणसाला मैदानावर न पाठवता पडद्यावर चित्र दाखवायचं आणि तेच बघून बोलायला सांगायचं. पूर्वीही हे झालेलं आहे. रॉनल्ड रेगन राजकारणात येण्याआधी, १९३०च्या दशकात, आयोवातल्या डब्ल्यूएचओ केंद्रावर तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे सामने रंगवून सांगत. एकदा तार मध्येच बंद पडली, तेव्हा ती चालू होईपर्यंत त्यांनी फलंदाजाला एकामागून एक रेषेबाहेर जाणारे फाउल फटके मारत ठेवलं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅशेस कसोटींचं वर्णन ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सरकारी रेडिओने सिडनीच्या स्टुडिओतून केलं. तारा यायच्या आणि बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढायचे. तेव्हा समुद्रापलीकडचा सामना ऐकवायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्या माणसांच्या हिकमतीला मी दाद देतो. आज मैदान स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर असताना आपण पडदा बघत बसतो, याला मी दाद देऊ शकत नाही.

पडद्यावर कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. समालोचकाला मात्र चेंडू नसलेली जागा बघायची असते. बदली खेळाडू सीमारेषेबाहेर अंग मोकळं करतो आहे, बचावफळीतला एक जण लंगडतो आहे आणि ते लपवतो आहे, कर्णधार पंचांकडे निघाला आहे. पुढच्या पाच मिनिटांत काय होणार हे त्या कडेला दिसतं. शिवाय इंटरनेटवरून येणारं चित्र अनेक सेकंद मागे असतं. मैदानावर बसलेल्याच्या कानात गोल होऊन गेल्यावर गोलाची चाल सुरू होणार असेल, तर तो रेडिओ बंदच करणार. जुन्या पद्धतीचं रेडिओ प्रक्षेपण जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतं. रेडिओची ही एवढी मोठी जमेची बाजू आपण आपल्याच हाताने घालवतो आहोत.

यंत्राच्या आवाजाचा प्रस्तावही आता तुमच्या टेबलावर येतो, हे मला ठाऊक आहे. २०२३ च्या विम्बल्डनमध्ये आयबीएम या संगणक कंपनीने क्षणचित्रांच्या चित्रफितींना कृत्रिम बुद्धिमत्तेचं समालोचन जोडलं. तिथे प्रत्येक फटक्याची नोंद आधीच संगणकात असते, म्हणून ते शक्य झालं. आपल्या स्थानिक सामन्याची नोंद कोण करतं? मी करतो, पेन्सिलने, आणि ती सामना संपल्यावर पूर्ण होते. यंत्राला बोलायला जो कच्चा माल लागतो तो इथे मैदानावर गेलेल्या माणसाच्या डोळ्यांतच असतो.

आणि काही दिवस असे येतात की तेव्हा खेळ बाजूला राहतो. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावर विजेतेपद मिळवलेल्या आपल्या संघाचं कौतुक करायला लोक जमले होते. सामना चालू असताना लाकडी प्रेक्षागृहाला आग लागली. ५६ माणसं गेली. स्थानिक पेनाइन रेडिओचा समालोचक टोनी डेलाहंटी तेव्हा मैदानावर वर्णन करत होता. अशा वेळी माइकसमोरच्या माणसाला क्षणात ठरवावं लागतं, काय सांगायचं आणि काय नाही. घरी ऐकणाऱ्यांची माणसं समोरच्या गर्दीत आहेत. मैदानाचे दरवाजे कुठे आहेत, कोणती बाजू मोकळी आहे, अफवा कोणती आणि डोळ्यांनी दिसलं ते कोणतं, हे त्याला त्या मिनिटाला माहीत असावं लागतं. दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत बसलेल्याकडून ही अपेक्षा करता येत नाही. असा दिवस कधीच येऊ नये. पण गर्दीच्या प्रत्येक सामन्यात मी समालोचकाला आधी बाहेर पडायचे रस्ते बघून घेताना पाहिलं आहे.

परिस्थिती तुमच्याही हातात पूर्णपणे नाही, हे मी जाणतो. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत यावरची मर्यादा काढली. पुढे एकाच कंपनीच्या हाती बाराशेंहून अधिक केंद्रं गेली आणि एका ठिकाणी ध्वनिमुद्रित केलेला आवाज अनेक गावांत स्थानिक म्हणून वाजू लागला. बीबीसीनेही २०२३ मध्ये आपल्या स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम सामाईक केले. पण त्या कपातीतसुद्धा थेट क्रीडा-प्रक्षेपणाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. काटकसर करतानाही काय शेवटपर्यंत राखायचं हे त्यांना उमगलं होतं. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, मोठ्या सामन्यांचं थेट प्रक्षेपणही नाही. पण सरकारच्या २०११ च्या, खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने स्थानिक स्वरूपाच्या क्रीडा सामन्यांचं थेट समालोचन करायला मोकळीक दिली. नियमाने उघडं ठेवलेलं हे दार किती केंद्रांनी वापरलं? रेडिओ चालवणाऱ्यांनी आपल्या वेळापत्रकात बघावं, उत्तर तिथेच आहे.

तर केंद्रप्रमुखांकडे माझी मागणी अशी. एका मैदानासाठी, एका स्पर्धेसाठी एक माणूस निवडा आणि त्याच्याशी निदान तीन मोसमांचा करार करा. तयारीचे दिवस त्या करारात धरा. पाऊस पडून सामना रद्द झाला तरी तो मैदानावर आलेला असतो, त्याचे पैसे कापू नका. घसा ही त्याची भांडवली वस्तू आहे, मोसमाच्या मध्यात तो बसला तर त्याच्या जागी दुसरा कोण, हे आधीच ठरलेलं असू द्या. तो दुसरा म्हणजे शेजारी बसून शिकणारा तरुण असावा, किंवा तरुणी. चंद्रा नायडू यांनी १९७०च्या दशकात क्रिकेटचं समालोचन केलं, भारतात हे करणाऱ्या त्या पहिल्या महिला. जॅकी ओटली यांनी २००५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेडिओवर फुटबॉलचं समालोचन करणारी पहिली महिला होण्याचा मान मिळवला. स्थानिक मैदानांवर मुली खेळतात, पंचगिरी करतात, माझ्यासारखी गुणपत्रिकाही भरतात. समालोचनाची खुर्चीच त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही? आवाजाची चाचणी जाहीर घ्या, ओळखीतून बोलावू नका, म्हणजे ती पोहोचेल.

ध्वनिमुद्रणं जपा. एका केंद्रात जुने सामने साठवण रिकामी करायची म्हणून पुसले गेले. त्यांत एका खेळाडूचा पहिला सामना होता. तो पुढे राज्यासाठी खेळला, त्याने ध्वनिमुद्रण मागायला माणूस पाठवला, आणि द्यायला माझ्या गुणपत्रिकेशिवाय काही उरलं नव्हतं. आज एका संपूर्ण मोसमाचा आवाज खिशात मावेल एवढ्या वस्तूत राहतो. त्याला तारीख, संघ आणि समालोचकाचं नाव लावून ठेवायला एका माणसाचा आठवड्याचा एक तास पुरेल.

क्रीडा संघटनांकडे मागणं याहून साधं आहे. समालोचकाला अशी जागा द्या जिथून दोन्ही टोकं दिसतात. बऱ्याच ठिकाणी ती व्यासपीठावरच्या पाहुण्यांना दिलेली असते आणि समालोचक ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याखाली बसलेला असतो, त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. विजेची आणि फोनची पक्की जोडणी द्या. संघांची अंतिम यादी, क्रमांकांसह, सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी द्या. प्रक्षेपणाचे हक्क एखाद्या मोठ्या कंपनीला विकताना स्थानिक भाषेतलं रेडिओ समालोचन त्यातून वगळून ठेवा. त्यांना त्याची गरज नसते, आपल्याला असते. आणि समालोचकाच्या तोंडून काय जावं याबद्दल कक्षात चिठ्ठी पाठवायची सवय सोडा.

मानसन्मानाचं म्हणाल तर तो हवाच. हिंदी समालोचक जसदेव सिंग यांना पद्मश्री आणि पद्मभूषण मिळालं, हिंदी क्रिकेट समालोचक सुशील दोशींच्या नावाचा समालोचन कक्ष इंदूरच्या होळकर स्टेडियमवर आहे. ते योग्यच झालं. पण स्थानिक समालोचकाला निवृत्तीच्या दिवशी शाल देण्याआधी त्याला चाळिशीत टिकू द्या. मी ज्या चांगल्या आवाजांना मैदान सोडून जाताना पाहिलं ते सगळे तिशी-चाळिशीतच गेले, कारण तेव्हा घरची जबाबदारी वाढते आणि पुढच्या रविवारचा भरवसा नसतो. त्यांची जागा नवख्याने घेतली, दोन मोसम शिकला, तोही गेला.

पुढच्या मोसमाचं वेळापत्रक अजून निघायचं आहे. ते निघण्याआधी आपल्या भागातल्या समालोचकाला एकदा बोलवा आणि त्याला काय लागतं ते विचारा. संघटनेचा सचिव आणि केंद्राचा कार्यक्रम अधिकारी दोघेही त्या बैठकीत असावेत, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. गेल्या मोसमांत किती सामने ठरले, किती सांगितले गेले आणि किती वेळा यादी उशिरा आली, याची नोंद माझ्याकडे आहे. ती घेऊन मी येईन. तारीख कळवा.

आपला,
एक गुणलेखक